नजरेच्या टप्प्यात

जमिनीवर आहे तोवर बोलून घेतो. एकदा माझे चारही पंखे फिरायला लागले की माझं बोलणं मलाच ऐकू येत नाही, मग तुम्हाला कुठून येणार? मी एक ड्रोन आहे. लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालतात किंवा उसावर औषध फवारतात तसला दांडगा नव्हे, हौसेखातर उडवायचा लहानसा. सुरुचीने मला एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं होतं; भरताच्या वांग्याहूनही मी हलका भरलो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने माझे पंखे बोटाने फिरवून पाहिले, मला उलटंपालटं केलं आणि खोक्यात घातलं. खोक्यात माझ्या पाठीखाली एक पुस्तिका होती. मला कुठे उडवावं, कुठे उडवू नये, हे सगळं तिच्यात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं होतं. माणसांची पहिली सवय मला कळली ती खोकं उघडलं तेव्हा. माणूस मला बाहेर काढतो, माझी बॅटरी शोधतो, आणि पुस्तिका खोक्यात परत ठेवून खोकं माळ्यावर टाकतो.

मला बाहेर काढणारा माणूस म्हणजे अवधूत. चाळिशीचा, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला, आणि राहायलाही खराडीतच, एका उंच सोसायटीत. त्याची बायको सुरुची वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवते. अवधूत स्वभावाने भला, पण घाईचा. चहा निवायची वाट न बघता पितो आणि जीभ भाजली की कपाला दोष देतो. मी आलो त्याच संध्याकाळी त्याने मला गच्चीवर नेलं आणि आकाशात सोडलं.

पहिल्यांदा उंच जाण्याची मजा काही औरच. खाली नदीचा पट्टा, रस्त्यांवर खोळंबलेल्या गाड्या, आणि आजूबाजूला नुसत्या खिडक्या. अवधूत मात्र आकाशाकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे हातातल्या पडद्यावर. त्या नादात मी जाऊन थांबलो तो समोरच्या इमारतीतल्या एका बाल्कनीपुढे. तिथे एक बाई केसांना मेंदी लावून, डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून निवांत शेंगा खात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. अवधूतने घाबरून मला मागे ओढलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात सूचना लागली: ‘इतरांच्या घरात डोकावण्याची इच्छा झाल्यास दारावरची घंटा वाजवावी. चहा मिळेल. यंत्र पाठवू नये.’

त्याच दिवसांत सुरुचीचे वडील राहायला आले होते. दिगंबरराव. त्यांची सगळी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली, तीही सुरक्षा विभागात. पत्नी मंदाकिनीबाई गेल्यावर ते खडकीलाच एकटे राहत होते, पण जिन्यावरून पाय चुकून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि लेकीने त्यांना उचलून खराडीला आणलं. उंच, सडपातळ माणूस. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. बोलणं मोजकं, आणि त्या मोजक्यातलंही निम्मं टोचणारं.

सासरे-जावयांचं भांडण असं काही नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं. हे दोघं सुरुचीच्या मार्फत बोलायचे. “तुझ्या बाबांना विचार, पेपर वाचून झाला का,” असं अवधूत म्हणायचा, तेही दिगंबरराव समोर बसलेले असताना. आणि दिगंबरराव म्हणायचे, “त्यांना सांग, कधीच झाला. वाचण्यासारखं त्यात असतं किती.” सुरुची बिचारी टपालखात्यासारखी दोघांच्या मध्ये.

फळ्यावरची ती सूचना दिगंबररावांनी काठी टेकत जाऊन वाचली. वर आले, मी टेबलावर होतो, मला हातात घेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग पहिल्यांदाच टपालखात्याला वगळून थेट विचारलं, “अवधूतराव, ह्या यंत्राचे नियम काय आहेत?”

अवधूत म्हणाला की नियमबियम मोठ्या ड्रोनना असतात, हा तर खेळण्यातला.

“काडेपेटीतली काडीसुद्धा लहानच असते,” दिगंबरराव म्हणाले. “आम्ही ती गेटावर काढून घ्यायचो.”

माळ्यावरून खोकं खाली आलं, पुस्तिका बाहेर आली. अक्षर बारीक म्हणून सुरुचीने ती मोठ्याने वाचली. मग अवधूतने सरकारी नकाशा उघडला, कुठे उडवायला मोकळीक आहे, कुठे परवानगी लागते आणि कुठे बंदीच आहे हे ज्याच्यावर रंगांनी दाखवलेलं असतं तो. हिरवा, पिवळा, लाल. आणि त्याचा चेहरा उतरला. लोहगावचा विमानतळ हाकेच्या अंतरावर. आमच्या गच्चीवरून जाणाऱ्या विमानांची चाकं मोजता येतात. त्या आभाळात मला सोडणं म्हणजे काय, हे त्याच्या ध्यानात आलं.   त्याच आठवड्यात माझी रीतसर नोंदणी झाली आणि पोटाखाली क्रमांक लागला. गच्ची कायमची बंद झाली.

मग उडवायचं कुठे? वाट दाखवली मच्छिंद्रने. तो सोसायटीत दूध घालतो. वाघोलीतल्या त्यांच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. उरलेली शेती आणि गोठा आता पार शिक्रापूरच्या अलीकडे, नगर रस्ता सोडून आत. नकाशात तो भाग हिरवा. त्याने पडीक रान दाखवलं आणि आईला विचारून घ्या म्हणाला.

आई म्हणजे बायडाबाई. साठीच्या पुढची, आवाज खणखणीत, हात कायम कामात. तिने मला मान वाकडी करून न्याहाळलं आणि विचारलं, “ह्याला डोळा हाय का?”

आहे, असं अवधूतने कबूल केलं.

“मग आमच्या न्हाणीकडं आन् दाराकडं फिरवायचा न्हाई. हिकडं काय उडवायचा तो उडवा.”

दिगंबररावांनी तिथल्या तिथे हद्द ठरवून टाकली. गोठ्याच्या पलीकडे जायचं नाही, लोकांच्या येण्याजाण्याच्या पाणंदीवरून जायचं नाही, विजेच्या तारांच्या बाजूला फिरकायचं नाही. कायद्याने मला चारशे फुटांपर्यंत वर जाता येतं. दिगंबररावांच्या कायद्याने बांधावरच्या चिंचेच्या दुप्पट. त्याहून वर काय ठेवलंय, असं ते विचारायचे.

तिथून आमचे रविवार सुरू झाले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस ते. सकाळी लवकर निघायचं. रानात पोचलं की दिगंबरराव काठी रोवून उभे राहत आणि एकेक गोष्ट विचारत. बॅटरी भरलेली आहे ना, फुगलेली नाही ना? पंख्यांना चीर नाही ना? चिमूटभर माती उडवून वारा बघत. सूर्य कुठे आहे, तारा कुठे आहेत, खाली माणूस-जनावर कोण आहे. आणि संपर्क तुटला तर यंत्र किती उंचीवरून परत येईल, ती उंची चिंचेच्या वर आहे ना. हे सगळं झाल्याशिवाय माझा पंखा हलत नसे. अवधूत सुरुवातीला चुळबुळ करायचा. नंतर नंतर तोच आधी उत्तरं देऊ लागला.

सगळ्यात महत्त्वाचा नियम मात्र शेवटी यायचा. यंत्र उघड्या डोळ्यांना दिसलं पाहिजे, कायम. पडद्यावर माझ्या पुढचं दिसतं. माझ्या मागून झेपावणारी घार, बाजूची तार, खाली आलेलं माणूस दिसत नाही. आणि उडवणाऱ्याला तर पडद्याकडे बघावंच लागतं. म्हणून दुसऱ्या माणसाने शेजारी उभं राहून सारखं आकाशाकडे बघायचं. ते काम दिगंबररावांनी घेतलं.

“दिसतंय, बाबा?” अवधूत पडद्यावरून नजर न हलवता विचारायचा.

“दिसतंय. चालू द्या.”

वरून मला ती जोडी मोठी छान दिसायची. एकाची मान खाली, एकाची वर. एकाची टोपी उलटी घातलेली, एकाचं वरचं बटण लावलेलं. दोघांचे खांदे जवळजवळ टेकलेले. आणि एक गंमत तुमच्या लक्षात आली का? अवधूत त्यांना बाबा म्हणू लागला होता. कधीपासून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

उडवून झालं की चिंचेखाली थर्मासमधला चहा आणि भडंग. बायडाबाई कधी भाकरी-ठेचा आणून द्यायची आणि उभ्याउभ्याच दोन गोष्टी बोलून जायची. दिगंबरराव कारखान्यातल्या गोष्टी सांगत. मंदाकिनीबाई त्यांना घरात कशी शिस्त लावायच्या तेही सांगत. कारखान्यात साहेब असलेला माणूस घरी ओल्या पायाने आत आला म्हणून परत बाहेर उभा केला जायचा. अवधूत इतका हसला की त्याच्या कपातला चहा माझ्यावर सांडला. सुरुचीला घरी गेल्यावर दोघंही काहीतरी सांगत बसायचे, एकमेकांची वाक्यं तोडत. ती म्हणाली, माझं टपालखातं बंद पडलं वाटतं.

पावसाळ्यात मी पिशवीतच असतो. दसरा झाला, आभाळ निवळलं, तशी आम्ही पुन्हा सुरुवात केली. आणि मला काहीतरी वेगळं दिसलं.

दिगंबरराव उभे होते तसेच उभे होते. मान तशीच वर. पण मी चिंचेच्या उजवीकडे असताना त्यांचा चेहरा चिंचेच्या डावीकडे असायचा. मग मी सरकलो, पंख्यांचा सूर बदलला की ते हळूच मान वळवायचे. मला कळायला थोडे रविवार गेले. ते मला बघत नव्हते. ऐकत होते.

वारा पडलेला असेल तेव्हा कानावर भागायचं. वारा उलटा असेल तेव्हा माझा आवाज भलतीकडून जायचा आणि दिगंबरराव भलतीकडे बघून म्हणायचे, “दिसतंय.” पूर्वी ते उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबत, डोळे बारीक करून मला शोधत. आता अवधूतचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार असायचं.

घरीही कपाटावरच्या पिशवीतून मला ऐकू यायचं. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. टेबलाच्या कडेचा कप पडायचा. सुरुची म्हणायची, बाबा, चष्म्याचा नंबर बदललाय, डोळे दाखवून येऊ. ते म्हणायचे, वयाबरोबर सगळ्यांचेच नंबर बदलतात, त्यात दाखवण्यासारखं काय आहे. आणि शनिवारी संध्याकाळी स्वतः माझी बॅटरी चार्जिंगला लावायचे. ती खोबण त्यांना बोटांनी चाचपून सापडायची.

मला तोंड नाही. असतं तरी मी काय बोललो असतो, कोण जाणे. त्या माणसाचा रविवार मी पाहिला होता.

थंडीतली सकाळ होती. धुकं विरून स्वच्छ ऊन पडलं होतं, शेजारच्या रानात ज्वारी पोटऱ्यात आलेली. आमचं उडवून होत आलं होतं आणि अवधूत मला खाली आणत होता. ऊन नेमकं पडद्यावर आलं होतं, त्याला नीट दिसत नव्हतं. त्याने मान तिरकी केली आणि विचारलं, “बाबा, उतरवतोय. खाली मोकळं आहे ना?”

“मोकळं आहे. आणा.”

मला मात्र दिसत होतं. दिगंबररावांच्या डाव्या बाजूने, अगदी हातभर अंतरावरून बायडाबाई चालली होती. डोक्यावर घासाचा भारा, एक हात भाऱ्याला. गोठ्याकडे जायला तिने रानातून जवळची वाट धरली होती. दिगंबररावांची मान हललीसुद्धा नाही. ते सरळ समोर बघत होते आणि त्या सरळ समोर खरंच कोणी नव्हतं.

मी तिरका उतरत आलो तो थेट तिच्यावर. कानाशी घोंगावलं तसा तिने हात आडवा धरला. माझा पंखा तिच्या कोपराखाली लागला, मी गिरकी खाऊन भाऱ्यावर आदळलो आणि भाऱ्यासकट खाली आलो. पंखा धरणारा माझा एक हात मोडला. तिच्या हातावर लांब चीर पडली होती आणि हिरव्या घासावर रक्त ठिबकत होतं.

 ती मटकन खाली बसली आणि हाताकडे बघत राहिली. अवधूत रिमोट टाकून धावला. त्याने स्वतःचा शर्ट काढून तिच्या हाताला गुंडाळला. आवाज ऐकून मच्छिंद्र गोठ्यातून पळत आला, आईचा हात बघितला आणि अवधूतला बाजूला सारून तिला उठवू लागला. सगळे गाडीत बसले. मला कोणीतरी पिशवीत कोंबलं, तिचं तोंड उघडंच ठेवून. गाडी वाघोलीच्या दवाखान्याकडे निघाली. वाटेत बायडाबाई म्हणाली, “घास तिथंच पडलाय. म्हशीला टाकाया सांगा कुनालातरी.”

टाके पडले. हाड शाबूत होतं, शिरा वाचल्या होत्या. दवाखान्याच्या दारात मच्छिंद्र अवधूतला म्हणाला, “साहेब, तुम्ही भले मानूस. पन ती माझी आई हाय. आता रानात येऊ नका.” अवधूतने मान खाली घातली. दिगंबरराव काठीवर दोन्ही हात ठेवून बाकावर बसले होते. ते कोणाकडेच बघत नव्हते.

घरी आल्यावर ते आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. दिवेलागणीला सुरुची कॉलेजच्या कामावरून परतली, तेव्हा अवधूतने तिला सगळं सांगितलं. चूक माझीच, म्हणाला. पडदा दिसत नव्हता तर थांबायला हवं होतं. घाई केली. बाबांनी इतकं शिकवलं, सगळं वाया. हे यंत्र आता घरात ठेवायचंच नाही.

खोलीचं दार उघडलं. दिगंबरराव चौकट चाचपत बाहेर आले. ते बसले नाहीत.

“सुरुची, चूक त्यांची नाही. मोकळं आहे असं मी सांगितलं. मला दिसत नव्हतं.”

अवधूत म्हणाला, “बाबा, ऊन होतं, कुणालाही—”

“उन्हाचा संबंध नाही. आजचीही गोष्ट नाही. दसऱ्यानंतर मला ते यंत्र एकदाही नीट दिसलेलं नाही. समोर धरलेलं दिसतं. बाजूचं काळं होत आलंय.”

 सुरुची म्हणाली, “मग दर वेळी दिसतंय, दिसतंय म्हणत होतात ते?”

“नाही म्हटलं असतं तर रविवारी घरी बसावं लागलं असतं.”

इतकं साधं वाक्य होतं ते.  मग ते म्हणाले की कारखान्यात कोणी असं केलं असतं तर त्याला त्यांनी गेटाबाहेर काढलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं. एका बाईच्या हाताऐवजी डोळा गेला असता तर आपण काय तोंडाने उभे राहिलो असतो.

मला वाटलं, आता अवधूत चिडणार. चिडायला कारण होतं. त्याच्या मनावर दिवसभर ते रक्त होतं. तो उठला, खुर्ची ओढून त्यांच्या मागे लावली, त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि स्वतः त्यांच्या समोर, बाजूला नव्हे, अगदी समोर, गुडघ्यावर बसला.

“उद्या रजा टाकतो,” तो म्हणाला. “डोळे दाखवून येऊ.”

निदान झालं काचबिंदूचं. घरी येऊन सुरुचीने फोनवर मावशीला समजावून सांगितलं, तेव्हा मीही समजून घेतलं. मोतीबिंदूसारखा तो काढून टाकता येत नाही. नजर कडांकडून कुरतडली जाते, हळूहळू, माणसाला पत्ता लागू न देता. शेवटपर्यंत समोरचं दिसत राहतं म्हणून माणूस फसतो. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र थेंबांनी टिकवता येते. आणखी काही महिने गेले असते तर टिकवण्यासारखं फारसं उरलं नसतं. जिन्यावरून पाय चुकला होता तोही बहुधा याच्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले. दिगंबररावांनी डॉक्टरांना इतके नेमके प्रश्न विचारले की आपण रुग्ण तपासतोय की आपली चौकशी चाललीय, असं डॉक्टरांना वाटलं असणार.

अपघाताची जिथे नोंद करायची तिथे दिगंबररावांनी अवधूतला करायला लावली, काहीही न लपवता. मग ते म्हणाले, आता त्या बाईंकडे जायचं. मच्छिंद्र अजून दूध घालताना मान वर करत नव्हता. अवधूतने त्याला जिन्यात गाठून विचारलं, रानात नाही, घरी येऊ का, दिगंबररावांना बायडाबाईंची भेट घ्यायची आहे. तो थोडा वेळ घुटमळला आणि या म्हणाला.

मलाही नेलं होतं, मोडक्या हातासकट. का ते ठाऊक नाही. ओसरीवर बायडाबाई हाताला पट्टी बांधून डाव्या हाताने शेंगा निवडत होती. दिगंबररावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, कारखान्यात अहवाल द्यावा तसं. आपल्याला दिसत नव्हतं आणि तरी आपण दिसतंय म्हणालो, हेही सांगितलं.

बायडाबाईचा निवडता हात थांबला.

“म्हंजी तुम्हाला बाजूचं दिसतच न्हाई?”

“नाही.”

“आन् मी म्हनलं, लई मोठा साहेब दिसतोय,” ती म्हणाली. “कवापास्नं बाजूनं जाते, राम राम घालते, हे आपलं आभाळाकडं बघत उभं. मला राग आलता तुमचा. चीर पडली त्याच्यापरीस त्याचाच राग जास्त.”

 दिगंबररावांनी हात जोडले. ती म्हणाली, बसा आधी. मग लेकाकडे वळून म्हणाली की मच्छिंद्रा, तोंड फुगवनं सोड आता, मानसानं घरी येऊन सांगितलं, अजून काय करायचं त्यानं. आणि पुन्हा यायचं तर तिचीही एक अट होती.

“ते चालू करायच्या आधी हाक मारायची. मी हू म्हनल्याबिगर उडवायचं न्हाई.”

पुस्तिकेत हा नियम नाही. पण मला विचाराल तर तो त्यात असायला हवा होता.

माझा हात दुरुस्त झाला. पंख्यांभोवती जाळी बसली, जी पहिल्या दिवसापासून खोक्यातच पडून होती. वसंतात एका रविवारी आम्ही पुन्हा त्या रानात गेलो, या वेळी सुरुचीही होती. आकाशाकडे बघायचं काम आता तिचं, हे घरीच ठरलं होतं. दिगंबररावांनी सगळे प्रश्न विचारले, सगळी उत्तरं झाली. मग अवधूतने रिमोट त्यांच्या पुढे धरला.

दिगंबरराव मागे सरले. “मी ह्या कामाला अपात्र आहे, अवधूतराव. नियम तुम्हाला ठाऊक आहे.”

अवधूतने सगळा विचार आधीच केला होता. पडदा समोर असतो आणि समोरचं तुम्हाला दिसतं, हे डॉक्टरांना विचारून आलोय, म्हणाला. उंची चिंचेच्या निम्मी, वेग सगळ्यात कमी, रान ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत, जाळी लावलेली. सुरुची डावीकडून बघेल, मी उजवीकडून. आम्ही थांबा म्हटलं की थांबायचं. “आता बघायचं काम आमच्यावर सोडा ना, बाबा. इतके दिवस तुम्ही केलंत.”

 दिगंबररावांनी काठी सुरुचीच्या हातात दिली आणि रिमोट घेतला.

अवधूतने घराकडे तोंड करून बायडाबाईला हाक मारली. तिकडून खणखणीत हू आला.

दिगंबररावांनी कळ हळूच वर सरकवली आणि मी उठलो. थोडा डुललो, मग स्थिर झालो. आयुष्यभर इतरांना हे करू नका, ते करू नका सांगणाऱ्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी उडवलं होतं. हळूहळू त्यांनी मला वर नेलं आणि जागच्या जागी फिरवलं. ज्वारी निघालेली रानं, बांध, चिंच, बांधावर बांधलेली म्हैस, ओसरीवर उभी बायडाबाई, हे सगळं मी त्यांच्या पडद्यावर पाठवत होतो, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ते इतक्या जवळून बघत होते की नाक पडद्याला टेकायचं बाकी होतं.

“अरे अवधूत,” ते म्हणाले. अवधूतराव नव्हे, अवधूत. “केवढं आहे रे हे.”

अवधूतने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याची नजर माझ्यावर होती, आणि ती पाणावली होती तरी त्याने ती हलवली नाही.

आता उन्हाळा संपत आलाय. बॅटरी अर्धी ठेवून, थंड जागी, मी कपाटात असतो. पावसाळ्याआधीचे एक-दोन रविवार अजून हातात आहेत. दिगंबररावांना थेंब घालायची वेळ अवधूत चुकवत नाही. नजर आहे तेवढीच आहे. डॉक्टर म्हणतात, एवढं टिकलं तरी पुष्कळ.

तुमच्याकडेही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला विमानांच्या वाटेत सोडू नका, लोकांच्या डोक्यावरून फिरवू नका, हे तुम्ही जाणताच. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या शेजारी उभं राहून आकाशाकडे बघणारं माणूस कधी म्हणालं, मला दिसत नाही, तर यंत्र लगेच खाली उतरवा. रागावू नका. आणि पुढच्या रविवारी निघाल तेव्हा त्या माणसाला घरी ठेवून जाऊ नका.